बर्फ हटवणारा मुलगा

मुलुंडच्या दवाखान्यात माझा नंबर येईना. मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

“आमचा चैतन्य कॅनडात रस्त्यावरचा बर्फ हटवतो. हा एवढा ट्रक, पुढे लोखंडी फाळ!”

“एवढ्या थंडीत?”

“मग काय मे महिन्यात? तो गेला नाही तर अख्खं गाव घरात अडकतं. लोक हात करून थँक्यू म्हणतात त्याला.”

“झकास! मग माझी भाची ऋतिका बघता का त्याच्यासाठी? नर्स आहे.”

“वडील काय करतात?”

“माझा भाऊच ना तो. पालिकेत आहे, भांडुपचे रस्ते साफ करतो.”

“म्हणजे झाडूवाला? नको गं बाई! लोकांना काय सांगू?”

“सांगा, भांडुपला बर्फ पडत नाही.”