फांदीवरची आजी

पासपोर्ट फोटोसाठी स्टुडिओत रांगेत उभी असलेली ती हातातला मोबाइल विसरूनच गेली, कारण पुढे एका काका-पुतणीची चांगलीच जुंपली होती.

“काका, आजीचा चेहरा कापून दुसऱ्या बाईच्या धडावर चिकटवायचा नाही.”

“अगं, मग शोकसभेत झाडावर बसलेली बाई लावायची? लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत. अडुसष्टाव्या वर्षी फांदीवर पाय सोडून बसली होती, तिने कधी लपवलं?”

“दुसरा बरा फोटो असता तर इथे आलो असतो का?”

“खुर्चीत टिकली कधी ती? घरात पाहुणे, आणि ही टेकडीवर पक्षी बघत.”

“तेच तर. जन्मभर हिला शोधत फिरलो आम्ही.”

“मग आता तरी नका बसवू खुर्चीत. मी ऐकणार नाही, सांगून ठेवते. आणि काका, हा फोटो वरून काढलाय. कोणी काढला?”

“असेल कोणीतरी.”

“काका.”

“मी. खालून काढत होतो, तर म्हणाली, घाबरट, आधी वर ये.”

“म्हणजे तुम्हीपण झाडावर?”

“ऑफिसच्या कपड्यांत. काकूला सांगू नकोस.”

“बोला साहेब, आजींना कुठले कपडे घालू?” स्टुडिओवाल्याने विचारलं.

“तिचेच राहू द्या. झाडासकट मोठा करा.”