दानेश्वरीचा वाचनाचा तास

माझ्या आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपले प्राचार्य विजयसिंह सर, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, सहकारी प्राध्यापक बंधुभगिनींनो आणि माझ्या विद्यार्थ्यांनो,

शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. मघाशी प्रत्येक वक्त्यानं सांगितलं, सोमशेखर सरांनी इथल्या संशोधनाला संख्याशास्त्राची शिस्त लावली. कुठली शिस्त हो? दोन हजार चार साल उजाडलं, तरी आपल्याकडं प्रश्न ठरायच्या आधी टी-टेस्ट, म्हणजे दोन गटांच्या सरासरीतला फरक खरा की योगायोगाचा हे तपासायची रीत, ठरलेली असते! विद्यार्थी गुणांचे कागद घेऊन शाहूपुरीतल्या कॉम्प्युटर सेंटरात जातो, तिथला ऑपरेटर विचारतो, “टी-टेस्टच न्हवं?” आणि प्रबंध छापून, बांधून हातात.

यंदा तेच झालं. आपली एम.एड.ची विद्यार्थिनी दानेश्वरी शाहूवाडी तालुक्यात चौथीला शिकवते. तिनं शेवटचा तास वाचनाचा केला. आधी चाचणी घेतली, सत्र संपल्यावर त्याच मुलांची पुन्हा घेतली. आता सांगा, पोरगं वाढलं का हे बघायला त्यालाच पुन्हा दाराशी उभं करून खूण करायची, की शेजारच्या पोराशी मापायचं? प्रबंधात मात्र तीच मुलं दोन वेगवेगळे गट धरून मोजली. हुशार आणि कच्च्या मुलांमधलं अंतर एवढं मोठं, की त्यात प्रत्येकाची वाढ बुडून गेली. निष्कर्ष काय, तर सार्थ फरक नाही, म्हणजे दखल घ्यावी असा फरकच नाही!

तिचे मार्गदर्शक बाळासो सर. त्यांना गाठलं, तर म्हणाले, “गेल्या वर्षीच्या प्रबंधात हीच लावलीया की!” मग मीच प्रत्येक मुलाचे आधीचे-नंतरचे गुण जोडीनं धरून गणित केलं. फरक ढळढळीत दिसला. तो तासामुळंच पडला का, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी तास न मिळालेला वर्गही हवा. पण आधी फरक दिसू तर द्या! कागद घेऊन प्राचार्यांकडं गेलो. सर म्हणाले, “बायंडिंग झालंय की! सोनेरी अक्षरं पडल्यात. पास होतीया पोरगी, राहू दे की.”

पास झाली, पहिल्या वर्गात. तिच्या मुख्याध्यापकांनी तो निष्कर्ष वाचला आणि वाचनाचा तास बंद केला. संशोधनानंच सिद्ध झालंय म्हणे, उपयोग न्हाय!

दानेश्वरी इथं समोरच बसलीय. मघाशी मला म्हणाली, “सर, वर्गातली तेजस्वी रोज इचारतीया, बाई, आज वाचायचं न्हाय व्हय? काय सांगू तिला?” ऐकून मला संताप आला, आणि फार वाईट वाटलं.

तेव्हा अध्यक्षमहाराज, मुख्याध्यापकांना पाठवायचं दुरुस्तीचं पत्र मी लिहून आणलंय. खाली सही मार्गदर्शकाची लागते.

आयोजकांचे, पाहुण्यांचे आणि इतकी वर्षं माझा तिरसट स्वभाव सोसणाऱ्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, तर माझी ती चूक पोटात घाला. प्रबंधातली घालू नका.

या बाळासो सर, पेन माझ्याकडं आहे. सही झाल्याशिवाय मी काही माइक सोडत नाही.