पान अकरावरचं वर्ष

हॅलो? … हो, काकाच बोलतोय. सही केलीस? … नाही ना? मग पेन आधी खाली ठेव. … ठेवलंस? टोपणही लाव.

अगं भिंगरी, ऐक ना… बसू देत ते बूट कंपनीवाले आपल्याच ऑफिसात बाहेर पाच मिनिटं. पळून जात नाहीत. पळण्याचं काम तुझं आहे.

तूच म्हणालीस ना, खेळाडूला जाहिरातीचे किती देतात ते विचारून ठेवा? तीन दिवस फोन करतोय. नऊ कंपन्या… हो, तक्ता केलाय. हसू नकोस! … अगं, एकाने सरळ दर सांगितला असेल तर शपथ! जो तो उलट मलाच विचारतो, "मुलीचे फॉलोअर्स किती?" मी म्हटलं, अहो, ती अडथळ्यांची शर्यत पळते, प्रवचनं देत नाही! … काय? मोबाइलवरचे? … मग हे आधी सांगायचं होतंस! आठ जणांना ऐकवून बसलोय मी.

असो. दर कळला नाही, तरी तुला देऊ केलेली रक्कम मला वाजवी वाटते. … हो, हो, चांगली आहे! माझी तक्रार रकमेबद्दल नाही. … वर्षाबद्दल आहे.

तू मला पाठवलास ना, त्या करारातलं पान अकरा काढ. शब्दांचे अर्थ दिलेत तिथं. … कोणी वाचत नाही, म्हणूनच तिथं लिहितात! पॉलिटेक्निकमध्ये आम्हाला ड्रॉइंगखालच्या टिपा आधी वाचायला लावायचे. … हं, वाच. मोठ्याने. … बरोबर. "वर्ष म्हणजे खेळाडू स्पर्धेसाठी तंदुरुस्त असलेले तीनशे पासष्ट दिवस."

… "मग काय" काय? अगं, दुखापतीत गेलेला दिवस ते धरणारच नाहीत! पैसे वर्ष पुरं झाल्यावर. आणि तोवर दुसऱ्या कंपनीचा बूट पायात घालायचा नाही. मागच्या खेपेला गुडघा धरून सात महिने बसली होतीस, ते…

ठीक आहे, आता बरा आहे. मग घाई कशाची? उद्या सही केलीस तर काय बिघडतं? … आजच का? … भिंगरी? … अगं, बोल की.

… कधीपासून? … मंगळवारपासून. तोच? … डावा. प्रशिक्षकांना सांगितलंस? … कोणालाच नाही. म्हणजे कंपनीला कळायच्या आत सही उरकायची होती तुला!

नाही, रागावलो नाही. … रागावलोय! का नाही रागावणार? अगं, असा गुडघा घेऊन सही केलीस, तर तुझ्या वर्षाचा पहिला दिवसच उजाडणार नाही. पैसे नाहीत आणि सुटकाही नाही.

… कळतंय मला. … हो, सराव महाग आहे. … बाळ, रडू नकोस. त्यांना सांग, काका कागद वाचताहेत, फार चिकट म्हातारा आहे. … सांग बिनधास्त. खोटं थोडंच आहे?

आधी डॉक्टर. मग कंपनी. … किती मजले चढून गेलीस? … चार? त्या गुडघ्याने? … नाही, नाही, तू उतरू नकोस. तिथंच बस. मी घरून निघतोच, वर येतो.

ठेव फोन.