न जाणाऱ्या संपादिकेचा निरोप

सन्माननीय अध्यक्ष भय्यासाहेब, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले मंडळाचे पदाधिकारी, सत्कारमूर्ती अनसूयाबाई, समोरचे सभ्य गृहस्थ आणि पडद्यामागे बसवलेल्या माझ्या भगिनींनो,

निरोपाच्या भाषणात माणूस कुठे चाललाय ते आधी सांगतात. माझी पंचाईत अशी, की अनसूयाबाई कुठेच चाललेल्या नाहीत. इथेच मदन महालला त्यांचं घर आहे, मुलींच्या शाळेत नोकरी आहे, परवाच त्यांनी अंगणात वांगी लावली. आपण जातोय हे त्यांना निमंत्रणपत्रिकेवरून कळलं. हसू नका छापखानेवाले भैया, तुम्हीच छापली ती!

काहून झालं हे? आमच्या ‘वरवंटा’ मासिकामुळे. घरोघरी डाकेने बायकांचं एक गुळगुळीत मासिक येतं. नवरा कचेरीतून यायच्या आत चेहरा प्रसन्न कसा करावा, हे त्यात सालोसाल छापतात. एकदा अनसूयाबाई म्हणाल्या, “विनता, मी विधवा होऊन किती काळ लोटला, तरी हे मला दर महिन्याला दारात हसत उभं करून राहिलं. चलो, आपण आपलं काढू.”

काढलं, हाताने लिहून. एकीने विचारलं, नवरा रागावून ताटावरून उठला तर काय करावं? उत्तर आलं, आपण जेवून घ्यावं. एक पान पुरुषांसाठीही होतं: घरात शिरताना चेहरा कसा ठेवावा. त्यानंतर सिविल लाइंसमधले एक वजनदार गृहस्थ स्वतःच्या फाटकाशी उभे राहून सराव करताना दिसले. नाव घेत नाही, ते अध्यक्षस्थानी आहेत.

मंडळाने ठराव केला, ‘वरवंटा’ घरात येऊ नये. मग संक्रांतीला आम्ही तो वाणात दिला. सवाष्णीने दिलेलं वाण परत करायची कोणाची हिंमत आहे? ज्या घरांत अनसूयाबाईंना हळदीकुंकवाला बोलावत नाहीत, तिथे त्यांचं लिहिणं तिळगुळासोबत पोचलं.

मंडळाने आमचीच युक्ती उचलली. शालश्रीफळ कोण नाकारेल? आणि निरोप घेतल्यावर बाई राहील कशी? गोंदियावरून जाणाऱ्या छोट्या लाइनीच्या गाडीचं, नागपूरचं तिकीटही काढलं. नागपूरला त्यांचं कोण आहे, मी विचारलं. चिटणीस म्हणाले, “शहर मोठं आहे जी, कोणी ना कोणी निघेल.”

तर मंडळी, शाल त्यांनी घेतली, कारण थंडी आहे. उद्या त्या शाळेत जातील, आणि ‘वरवंटा’ त्याच काढतील. घाबरवल्याने निघून जाईल अशी ती बाई नाही, आणि आम्ही तिला जाऊ देणार नाही.

राहिलं तिकीट. मंडळाने एवढ्या प्रेमाने काढलेलं वाया कसं घालवायचं? अध्यक्षांच्या पत्नी इंदिराबाई यांचं माहेर नागपूरचं. लेकाच्या मुंजीपासून त्या “पुढच्या महिन्यात जा” हेच ऐकून राहिल्या. भय्यासाहेब, पडद्याकडे पाहू नका, तिथे त्या नाहीत. माझं भाषण सुरू झालं तेव्हाच ते तिकीट घेऊन त्या स्टेशनाच्या टांग्यात बसल्या. एरवी मी एवढं लांबवत नाही. आत्ता शिट्टी ऐकलीत ना? तीच गाडी.

मंडळाचे मनःपूर्वक आभार. आपल्या खटपटीने एक बाई खरंच गावाला गेली. उणंअधिक बोलले असेन तर पदरात घ्या. टाळ्या मागाहून वाजवा, आधी कोणीतरी भय्यासाहेबांना पाणी द्या.