नवव्या ओळीतली लिली

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, हॅवर्लीचे जमीनदार सर जाइल्स; व्यासपीठावर बसलेले आपल्या चर्चचे रेव्हरंड ऑडलीसाहेब; ज्यांना निरोप द्यायला आपण शाळेच्या या खोलीत दाटीवाटीने बसलो आहोत ते लंडनचे नामवंत स्थापत्यकार मिस्टर एव्हरर्ड थर्लबी; समोरचे गावकरी, बाया, म्हातारीकोतारी; आणि मागे सायडरच्या पिंपाला टेकून उभे असलेले माझे कामावरचे सोबती, आपणा सर्वांना जेम रडल या पाथरवटाचा नमस्कार.

कारागिरांच्या वतीने खरं म्हणजे मुकादम ब्लायसाहेब बोलणार होते. त्यांची दाढ सुजली. आत्ता ते केकचा तिसरा तुकडा खाताहेत, तेव्हा दाढ बरी होत असावी. पण सकाळी ते मला म्हणाले, "जेम, कामावर तुझं तोंड बंद नसतं. आज तरी त्याचा उपयोग होऊ दे."

शाळेत मी दोन हिवाळे गेलो. अक्षरं दगडावर कोरता कोरता शिकलो. म्हणून रेव्हरंडसाहेबांनी थर्लबीसाहेबांच्या जीवनाचा आणि कार्याचा हा कागद मला मोठ्या अक्षरांत लिहून दिला. त्यांचे आभार. कागदावर असं आहे की साहेबांचा जन्म ब्रिस्टलच्या कापडव्यापाऱ्याच्या घरी झाला, सतराव्या वर्षी ते लंडनच्या एका मोठ्या गुरूकडे नकाशे काढायला बसले, मग वही घेऊन फ्रान्सभर हिंडले. हिंडलो मीही आहे. लिंकनहून एक्सिटरपर्यंत, पाठीवर हत्यारांची पिशवी आणि बरोबर एक तांबडा कुत्रा. तो कुत्रा वेल्सच्या एका विधवेकडे राहिला, तिची मटणाची खीमापोळी त्याला माझ्यापेक्षा जवळची वाटली. असो. कुत्र्याचं नाव या कागदावर नाही.

कागद म्हणतो, साहेबांनी बत्तीस वर्षांत एकशे सतरा चर्चेस नव्याने उभारली किंवा सुधारली. एकशे सतरा! त्यातल्या सहांवर मी राबलो आहे, म्हणून छातीवर हात ठेवून सांगतो, ती सगळी एकमेकांसारखी आहेत. तीच टोकदार कमान, तीच बाप्तिस्म्याची दगडी कुंडी. मी डोळे बांधून कुठल्याही चर्चमध्ये शिरलो तरी साहेबांच्या त्याच पायरीला ठेचकाळेन. मागे हसू नका रे, अध्यक्ष बघताहेत.

साहेबांच्या मते चौदाव्या शतकानंतर माणसाने दगडाला हात लावला तो पापच केलं. म्हणून आपल्या चर्चच्या भिंतींचा जुना गिलावा खरवडला. त्याच्याखाली निळ्या झग्यातला संत निघाला, खांद्यावर मूल घेतलेला. मी धावत साहेबांकडे गेलो. साहेबांनी खिशातलं घड्याळ पाहिलं. म्हणाले, "पंधराव्या शतकातला आहे. खरवडा." मिसेस पेग, तुम्ही तेव्हा दाराशी उभ्या होतात. तुम्ही म्हणालात, "अहो, निदान त्या लेकराला तरी ठेवा." लेकरूही गेलं.

मग सज्जा गेला. घंटाघराला लागून लाकडी सज्जा होता आणि दर रविवारी तिथे गावाचे वाजंत्री बसत. दोन बासऱ्या, एक सनई, आणि गुडघ्यांत धरून वाजवायचं ते मोठं व्हायोलिन. ते व्हायोलिन वाजवणारे ओबदाया स्टॅग आजोबा, बेचाळीस वर्षं या चर्चचे कारकून, तिथे खिडकीखाली बसले आहेत. आजोबा, टोपी काढू नका, वारा आहे. साहेबांनी एका दुपारी सज्जा उतरवला आणि त्याच्या जागी बाजाची पेटी आणून बसवली. ती पेटी रेव्हरंडसाहेबांच्या भगिनी वाजवतात. त्यावर मी काही बोलत नाही.

बोलायचं आहे ते जमिनीबद्दल.

अध्यक्षमहाराज, अजून थोडा वेळ द्या. ब्लायसाहेब, माझा कोट ओढू नका, फाटेल.

चर्चच्या जमिनीत थडग्यांच्या जुन्या शिळा होत्या. साहेबांचा हुकूम होता की त्या उचला, फोडा, तोच भराव करा आणि वर नवी चित्रांची फरशी बसवा. लाल फरशी, प्रत्येकीवर पिवळी लिली, आणि प्रत्येक लिलीचं तोंड वेदीकडे. सज्ज्याखालची एक शिळा मी उचलली आणि पालथी करण्याआधी वाचली. 'कझाया, ओबदाया स्टॅगची पत्नी, वय चोवीस, सन १८२९.' मी साहेबांना म्हणालो, "साहेब, इथे एक बाई आहे."

साहेबांनी नकाशा उलगडला. सोन्याच्या पेन्सिलीने जागा दाखवली. आणि म्हणाले, "माझ्या नकाशात तिथे कोणी नाही."

थर्लबीसाहेब, हे तुमचे शब्द आहेत. या कागदावर नाहीत, म्हणून मी पाठ करून आलो.

आता माझं ऐका. ती शिळा फोडली कोणी? मी. तिचे चार तुकडे या हातांनी केले. नाही म्हणता आलं असतं. नाही म्हणालो असतो तर साहेबांचं शिफारसपत्र मिळालं नसतं, आणि पुढच्या गावात काम मिळालं नसतं. एवढ्यासाठी मी घण उचलला. साहेबांना नावं ठेवताना हेही सांगितलं पाहिजे.

पंधरा दिवसांनी एका सकाळी पाहतो, आजोबा नव्या फरशीवर काठी टेकत येरझाऱ्या घालताहेत. चार पावलं पुढे, तीन मागे, पुन्हा पहिल्यापासून. मी विचारलं, "आजोबा, काय हरवलं?"

"बायको," ते म्हणाले.

"अहो, काय बोलता?"

"खरंच रे बाबा. सज्ज्याच्या दुसऱ्या खांबापासून तीन पावलांवर होती. वाजवताना मी बरोबर तिच्या वर बसायचो. अडतीस वर्षं बसलो. आता खांब नाही, सज्जा नाही, दारसुद्धा सरकवलंय. कुठून मोजू?"

मी म्हणालो, "सापडेल." आणि छिन्नीला धार लावायला निघून गेलो. मला जागा माहीत होती आणि मी निघून गेलो! सांगायचं तर फोडल्याचंही सांगावं लागलं असतं. तेव्हापासून आजोबा रोज येतात, आणि मी रोज दुसऱ्या दाराने जातो.

काल साहेब शेवटची पाहणी करायला आले. त्यासाठी त्यांनी चाळीस मिनिटं काढली होती. छताची एक तुळई आतापासूनच वाकली आहे, ती त्यांना दिसली नाही. पश्चिमेच्या खिडकीतून पाणी झिरपतं, तेही दिसलं नाही. दिसली ती एक फरशी. तिची लिली वेदीकडे न पाहता मागे वळून घंटाघराकडे पाहते. साहेब लालबुंद झाले. "कोणत्या दारुड्याने बसवली ही? सोमवारी उखडून सरळ करा!" रेव्हरंडसाहेबांनी गावातर्फे माफी मागितली.

सर जाइल्स, रेव्हरंडसाहेब, ती मी बसवली. सायडरचा एक थेंबही न पिता. तिच्याखाली कझाया स्टॅग आहे. शिळेचे चार तुकडेही तिथेच आहेत, नावाची बाजू वर. जिथे सज्जा होता तिकडे त्या फुलाचं तोंड मी केलं, कारण दुसरी खूण उरली नव्हती. ती एक फरशी सरळ झाली की या गावातल्या कोणालाही ती बाई पुन्हा सापडणार नाही.

आजोबा, तुम्ही उठलात. बरं झालं. चर्चमध्ये घंटाघराच्या कमानीतून आत जा, तिथून नववी ओळ, मधल्या वाटेच्या डाव्या कडेपासून चौथी. अहो, दाराजवळच्यांनो, जरा वाट द्या त्यांना. मिसेस पेग, तुमचा हात द्या.

थर्लबीसाहेब, घड्याळ राहू द्या. गाडी सव्वापाचची आहे, स्टेशन जवळच आहे. तुमचा हुकूम अजून उभा आहे आणि तो मागे घ्यायचा तर आत्ता, या सगळ्यांसमोर घ्या. नाही घेतलात तरी तुमची मर्जी. मी उद्या पहाटे या गावातून निघतो आहे, शिफारसपत्राशिवाय. मागे राहणाऱ्या सोबत्यांना एवढंच विचारतो, सोमवारी घण कोण उचलणार?

कोणीच हात वर करत नाही. ब्लायसाहेबही नाहीत, आणि त्यांच्या तोंडातला केकही संपला आहे.

सर जाइल्सनी सायडर पाजली, रेव्हरंडसाहेबांनी कागद दिला, आपण सगळ्यांनी ऐकून घेतलं, मी ऋणी आहे. मोठ्यांशी बोलण्याची मला सवय नाही, तेव्हा भाषणात कुठे तोल गेला असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर उदार मनाने क्षमा करा. शिळा फोडली त्याची क्षमा मी आजोबांकडे मागेन, आपल्याकडे नाही. आणि नवव्या ओळीतल्या त्या लिलीसाठी कोणीही कोणाची माफी मागू नये. या एकशे सतरा चर्चेसमध्ये समजून उमजून बसवलेली तेवढी एकच फरशी आहे.