चपलांचा वर्ग

चप्पल दुरुस्तीच्या दुकानात पहिलीच्या बाई बाकावर बसल्या होत्या. त्यांची सँडल दुकानदाराच्या हातात होती. तेवढ्यात एक अनोळखी आजी एकच बूट घेऊन आल्या.

"काका, एवढा लगेच शिवून द्या हो. नातीचा वर्ग अडलाय."

"बुटावाचून?"

"शाळेत ती चकार शब्द काढत नाही. घरी आली की सगळ्यांच्या चपला रांगेत मांडून शिकवते. या आठवड्यात घड्याळ चाललंय. मलाही येऊ लागलं!"

"खमकी आहे की!"

"शुक्रवारी वर्गात घरच्यांसमोर कविता म्हणायचीय. तीही घोकून घेते चपलांकडून. फक्त हा बूट बोलत नाही."

"मग रागावते?"

"छे! मांडीवर घेऊन म्हणते, 'नाही बोललास तरी चालेल, तुला येतं हे मला ठाऊक आहे.' बाईंचंच वाक्य असणार. शुक्रवारी भेटल्या की त्यांचे आभार कसे मानू, सुचत नाही बघा."

"बूट कुणाचा?"

"तिचाच."

"बरं, पण आधी या ताईंची सँडल..."

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "आधी तो बूट घ्या."