एकोणचाळीस नंबर विसरत नाही

...विसरतच नाहीत हो! तीन-तीन आठवडे मी विनवण्या केल्या, पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं, "बाई गं, विसर की तू कातडी आहेस!" ...ढिम्म! हसू नका. तुम्हाला हसू येतंय, पण माझी नोकरीच आहे ती, कातडीच्या पेशींना आपण कातडी आहोत हे विसरायला लावायची. म्हणजे काय करायचं, तर माणसाच्या दंडावरून मसुराएवढा तुकडा काढायचा, त्यातल्या पेशी बशीत वाढवायच्या, मग त्यांच्यात चार जनुकं सोडायची, आणि ती चौघं आत जाऊन त्यांना पटवणार, "अगं, तू कातडी नाहीस, तू आईच्या पोटातल्या पहिल्या दिवसांसारखी कोरी आहेस, तुला मेंदू होता येईल, हृदय होता येईल, म्हणशील ते होता येईल!" आता मला सांगा, असं कुणी तुमच्याकडे येऊन म्हणालं तर तुम्ही चप्पल न घालता निघाल की नाही? मी तर निघेन! आणि ह्या? हजारात एक ऐकते! हजारात एक, तुम्हाला सांगतो! बाकीच्या नऊशे नव्व्याण्णव म्हणतात, "नको बाई, आमचं आहे ते बरं आहे."

आणि आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम रोज सकाळी दारातून नुसतं डोकं आत घालणार. "आकडा वाढला?" बस. कसे आहात नाही, चहा झाला का नाही... "आकडा वाढला?" अहो, वाढायला मी काय कमी केलंय का? बशा ठेवायच्या उबदार पेटीतला ऑक्सिजन कमी केला, कारण यांना म्हणे कोंदट हवेत बरं वाटतं! व्हिटॅमिन सी दिलं. रोज साडेआठच्या ठोक्याला खाद्य बदललं, रविवारीसुद्धा. बायको म्हणते, "माझ्या माहेरच्या माणसांची एवढी विचारपूस केली असतीत ना..." जाऊ दे, तो विषय वेगळा आहे.

तुम्ही म्हणाल, एवढा जीव का काढतोस बाबा, नाही ऐकत तर नाही ऐकत. अहो, पण त्या पेशी माझ्या वडिलांच्या आहेत!

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. बावन्न वर्षं डोळ्याला भिंग लावून बसले. केसाएवढी स्प्रिंग श्वास रोखून बसवणारा हात तो, आणि आता त्या हाताला शर्टाचं बटण सापडत नाही. कंपवात. आमच्याकडे याच आजाराच्या लोकांच्या पेशींवर काम चाललंय. प्रत्येक माणसाला दोन संधी. दोनदा तुकडा घ्यायचा, दोन्ही वेळा एकही पेशी बदलली नाही की त्याचा नंबर कायमचा बाद. बशीवर नाव नसतं, नुसता नंबर, कुणाचं काय हे मला कळायलाच नको. पण बाबांनी दवाखान्यात टेबलाच्या पलीकडून उलटी चिठ्ठी वाचली! आयुष्यभर घड्याळाच्या पोटातले नंबर वाचलेला माणूस तो. घरी आल्या आल्या मला म्हणाले, "एकोणचाळीस बघ हं. एकोणचाळीस म्हणजे मी."

झालं! तेव्हापासून रोज संध्याकाळी मी बूट काढतोय तोच आतून हाक, "कसा आहे रे मी?" काय सांगू? म्हटलं, "बाबा, हजारात एक बदलते, धीर धरा." मॅडम म्हणतात, "वय झालेल्या माणसाच्या पेशी जरा हट्टी असतात." मी मनात म्हटलं, मॅडम, हे तुम्ही मला सांगताय? ज्यांनी घरातली स्वतःची खुर्ची चाळीस वर्षं इंचभर हलवू दिली नाही, त्यांची कातडी माझं ऐकणार? आणि तुलनेसाठी धडधाकट माणसाची कातडी लागते, म्हणून मी माझी दिली, तर ती पहिल्या फटक्यात सगळं विसरली! बाबांना सांगितलं तर म्हणतात, "पाढ्यांचंही तुझं असंच होतं."

आणि मग... मग मी माती खाल्ली. सांगतो.

आमच्यात एक नियम आहे, रंगाची परीक्षा झाल्याशिवाय आकडा सांगायचा नाही. खरी बदललेली पेशी रंग धरते, खोटी धरत नाही. दहा वर्षं मी हे नव्या लोकांना बोट नाचवून शिकवलंय! आणि त्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून बघतो तर एकोणचाळीसच्या बशीत बदललेल्या पेशींचे असतात तसे अकरा पुंजके! रेखीव कडा, आत दाटीवाटी, अगदी पुस्तकातल्या चित्रासारखे! अकरा! मी रंगापर्यंत थांबलोच नाही, मॅडमना आकडा सांगून टाकला आणि तिथूनच घरी फोन लावला, "बाबा, झालं! अकरा!"

अकरा म्हटल्यावर बाबांनी काय करावं? आत्याला फोन. आत्याचा मला फोन, "अरे, दादाला नवा मेंदू बसवताहेत म्हणे? टाके किती पडतील?" मी घरी येतो तर बाबा अवजारांची पेटी उघडून चिमटे पुसत बसलेत. दोन वर्षांत हात लावला नव्हता हो त्या पेटीला...

दुसऱ्या दिवशी रंग घातला. एकानंही धरला नाही. अकराच्या अकरा अर्धवट! आतल्या पेशी आपण कातडी आहोत हे विसरल्या, पण व्हायचं काय ते काही झाल्या नाहीत. मॅडम एवढंच म्हणाल्या, "तुम्हीसुद्धा?" शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी जाऊन सांगितलं. बाबा चिडले नाहीत, हेच वाईट. पेटीचं झाकण लावायला गेले, हात थरथरतोय, झाकण काही बसेना... मी पुढे झालो तर म्हणाले, "राहू दे, जमतंय मला." जमत नव्हतं.

मग दुसरा तुकडा. शेवटचा! डॉक्टर सुई घेऊन उभे, म्हणतात, "आजोबा, हात हलवू नका." बाबा म्हणाले, "डॉक्टर, हलू नको म्हटलेलं त्याला कळत असतं, तर मी इथं कशाला आलो असतो?"

पुन्हा तीन आठवडे. तुम्हाला खोटं वाटेल, मी त्या पेशींच्या पेटीच्या काचेशी बोलायला लागलो होतो! आणि काल... काल एक. एकच पुंजका! या वेळी तोंडाला कुलूप. रंग घातला, हात थरथरायला लागले, माझे हो, माझे! आणि तो लालभडक झाला. खरा! हजारात एक, तुम्हाला सांगतो!

धावत घरी. "बाबा, झालं! एक! रंग धरला!" बाबा शांतपणे म्हणाले, "आता त्या पेशीचं काय करणार?"

म्हटलं, "आता तिच्यापासून मेंदूच्या पेशी बनवणार."

"आणि त्या मला घालणार?"

"नाही बाबा... त्या बशीतच ठेवणार. त्या आजारी कशा पडतात ते बघणार. कळलं तर त्यावर औषध शोधता येईल."

बाबा खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "म्हणजे बंद पडलेलं घड्याळ नवंकोरं करायचं, आणि ते परत बंद कसं पडतंय ते बघत बसायचं? मी असं केलं असतं तर गिऱ्हाईकानं तेच घड्याळ डोक्यात घातलं असतं माझ्या!"

बरोबरच आहे ना!

"किती वर्षं लागतील?"

"दहा... पंधराही लागतील."

बाबांचं वय अठ्ठ्याहत्तर. हिशोब त्यांनीही केला, मीही केला. मग विचारतात, "तोवर ती टिकेल?"

म्हटलं, "गोठवून ठेवली की कितीही वर्षं टिकते."

"मग झालं तर!" बाबा खुर्चीत मागे रेलले. "करा तुम्ही सावकाश. आमच्यातला एकजण थांबलाय ना!"